दोर सोडायचा दिवस

(दृश्य : पहाट. कालव्यावर धुकं. बोटींच्या छोट्या धुराड्यांतून वर जाणारा धूर.)

लंडन. व्हिक्टोरिया पार्कच्या कडेनं जाणारा रीजंट्स कॅनॉल. काठाला बोटी लागल्या आहेत, आणि जागा पुरत नाही म्हणून एकीच्या अंगाला दुसरी. बाहेरच्या बोटीतल्या माणसाला काठावर यायचं तर शेजाऱ्याच्या बोटीवरूनच पाय टाकत यावं लागतं. पावलं हलकी पडतात. आत कुणीतरी झोपलेलं असतं.

ही हिरवी बोट बघा. लांबी साधारण सतरा मीटर, रुंदी जेमतेम दोन मीटर. आत एक बाई राहतात. शहरातल्याच एका इस्पितळात कामाला आहेत. नाव नको म्हणाल्या, आम्हीही आग्रह धरला नाही.

आज त्यांचा या काठावरचा चौदावा दिवस आहे, नियमानं शेवटचा.

(दृश्य : हातोडी. खुंट हलवून उपटला जातो. गवतात उरलेलं भोक.)

दोन लोखंडी खुंट आणि दोन दोर. एवढ्यावर घर उभं असतं. खुंट निघाले, दोर गुंडाळून छतावर टाकले, इंजिननं दोन ठसके दिले, आणि घर निघालं. सकाळी चुलीत टाकलेला कोळसा आत अजून धुमसतो आहे. खिडकीतलं कुंडीतलं रोप जागचं हललेलं नाही. बाहेरची झाडं मात्र मागे सरकायला लागली.

वेग माणसाच्या चालीएवढा. बांधलेल्या बोटींच्या शेजारून जाताना तोही कमी करायचा, नाहीतर लाटेनं त्यांचे दोर ताणतात आणि आतल्या कपातला चहा सांडतो. मग खिडकी उघडते आणि जे ऐकू येतं ते आम्ही इथे गाळलं आहे.

(दृश्य : ॲक्टन्स लॉक. बाई हँडल घेऊन काठावर उडी मारतात.)

हे पहिलं लॉक, म्हणजे बोट वर चढवणारा, दोन्हीकडे दारं असलेला हौद. दिवसभरात अशी सात पार करायची आहेत. कालवा पश्चिमेकडे चढत जातो. थेम्सजवळच्या लाइमहाउसपासून वरपर्यंत बारा लॉकांत मिळून सुमारे 26 मीटरची चढण आहे. पाण्याला चढ चढता येत नाही, म्हणून ही पायरी.

काम असं चालतं. बोट खालच्या दारातून हौदात घ्यायची. दार लावायचं. लांबलचक लाकडी दांड्याला पाठ टेकवून, पाय रोवून, मागे रेटत जायचं, तेव्हा कुठे ते हलतं. मग वरच्या दाराच्या झडपेला हँडल लावून फिरवायचं. कड्‌कड्‌ आवाज करत दात सरकतात, आणि पाणी आत घुसतं. घाई केली तर बोट आपटते. दोन लाख लिटरहून जास्त पाणी या एका हौदात मावतं आणि ते भरेपर्यंत थांबण्याला पर्याय नाही. आतलं आणि वरचं पाणी एका पातळीला आलं की मघाशी हट्टाला पेटलेलं दार लहान मुलानंही ढकलावं इतकं हलकं होतं. पातळीत बराच फरक उरला असेल, तर दहा माणसांनी रेटूनही उघडणार नाही.

बाई हे सगळं एकट्या करतात. बोट दोरानं धरायची, झडप उघडायची, दार ढकलायचं, बोट बाहेर काढायची, परत येऊन दार लावायचं. पूर्वी बहुतेक लॉकांना दोन-दोन हौद होते, चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या बोटींसाठी. आता कॅम्डनचं हॅम्पस्टेड रोड लॉक सोडलं तर जोडीतला दुसरा हौद कुठेच चालू नाही.

(दृश्य : इझ्लिंग्टन बोगद्याचं तोंड. पलीकडे नाण्याएवढा उजेड.)

हा इझ्लिंग्टनचा बोगदा. लांबी 878 मीटर. 1 ऑगस्ट 1820 या दिवशी हा कालवा पूर्ण खुला झाला, तेव्हा बोटी घोडे ओढायचे. या बोगद्यात काठ नाही, म्हणजे घोड्याला वाट नाही. मग घोडा सोडायचा, त्याला वरच्या रस्त्यानं टेकडीपलीकडे चालवत न्यायचं, आणि बोटीवरच्या माणसांनी फळीवर आडवं होऊन, बोगद्याच्या भिंतीला पाय लावून, भिंतीवरून चालत चालत बोट पुढे न्यायची. पाठीवर निजून, मिट्ट काळोखात. 1826 साली वाफेवर चालणारी एक बोट आणली. तळाशी टाकलेल्या साखळीला धरून ती बाकीच्यांना ओढायची. ही युक्ती शंभर वर्षांहून जास्त टिकली.

या कालव्यावर माणसं पहिल्यापासून राहत नव्हती. सुरुवातीला नावाड्यांची घरं काठावर होती. मग आगगाडी आली. मालाचे दर पडले, मजुरी पडली, घरभाडं परवडेना. तेव्हा नावाड्यानं बायकोमुलांना बोटीवरच आणलं. भाडं वाचलं आणि सुकाणू धरायला बिनपगारी माणूसही मिळालं. पुढचा सगळा भाग मालाचा. मागे तीन मीटर लांबीची खोली. त्यात चूल, पलंग, कपाट आणि अख्खं कुटुंब.

भाडं परवडेना म्हणून बोटीवर. हे वाक्य आम्ही या आठवड्यात तीनदा ऐकलं, तीन वेगळ्या बोटींवर.

या कुटुंबांकडे सरकारचं लक्ष गेलं ते जॉर्ज स्मिथ यांच्यामुळे. कोलव्हिल गावचे हे गृहस्थ. आधी विटभट्ट्यांवरच्या मुलांसाठी लढले, मग कालव्यावरच्या मुलांसाठी. त्यांच्या खटपटीतून 1877 चा कॅनॉल बोट्स ॲक्ट आला. बोटीची नोंदणी, बोटीवर ठळक नाव आणि क्रमांक, आत किती माणसं राहू शकतील याचा दाखला, माणशी किती हवा हवी याचंही माप. 1884 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि तपासणी कडक झाली. खोलीत डोकावणारा निरीक्षक तेव्हापासूनचा. मुलांची शाळा हा त्यात कळीचा मुद्दा होता, कारण आज एका गावात आणि उद्या दुसऱ्या गावात असलेल्या पोराला कुठली शाळा आपलं म्हणणार? कायद्यानं तोड काढली : बोट जिथं नोंदलेली, ते गाव मुलाचं.

सरकारनं तेव्हा बोटीवरच्या माणसाला निदान एक गाव दिलं होतं, हे लक्षात असू द्या.

(दृश्य : किंग्ज क्रॉस. जुन्या गॅस टाक्यांचे लोखंडी सांगाडे, त्यांच्या आत नवे फ्लॅट. खाली बोटींची रांग.)

किंग्ज क्रॉस. जागा नाही. कॅम्डन. जागा नाही, माणसांचीच गर्दी. लॉकचं दार ढकलणाऱ्या बाईंचे फोटो काढायला दहा-बारा जण उभे राहिले, दांड्याला हात लावायला एकजण पुढे आला. त्या पोराचे आभार.

आता आजचा कायदा. 1962-63 च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले आणि आधीच खंगलेली मालवाहतूक जवळपास संपली. पाणी राहिलं. हळूहळू त्यावर सहलीच्या बोटी आल्या, मग राहायला माणसं आली. कालवे तेव्हा ब्रिटिश वॉटरवेज या सरकारी संस्थेकडे होते. तिनं कायद्याचा जो मूळ मसुदा संसदेपुढे नेला, त्यात प्रत्येक बोटीला ठरलेली बांधायची जागा असलीच पाहिजे अशी अट होती. बोटीवरच्यांनी हरकती घेतल्या, संसदेच्या समितीनं ऐकून घेतलं, आणि 1995 च्या ब्रिटिश वॉटरवेज ॲक्टमध्ये दुसरी वाट ठेवली गेली. ठरलेली जागा नसली तरी कालव्यावर बोट ठेवायचं लायसन्स मिळेल. अट एवढीच की बोट खरोखर प्रवासासाठी वापरली जावी, आणि एका ठिकाणी सलग 14 दिवसांपेक्षा जास्त थांबू नये. काही वाजवी कारण असेल तर थोडं जास्त.

‘एक ठिकाण’ म्हणजे काय, हे कायद्यात लिहिलेलं नाही. पुढचं झाड? पुढचा पूल? पुढचा मोहल्ला? आणि ‘खरोखर प्रवास’ म्हणजे किती मैल, तेही नाही.

2012 साली इंग्लंड आणि वेल्समधले कालवे कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे आले. एकूण सुमारे 2,000 मैलांचं जाळं. कायद्यानं मोकळी सोडलेली जागा ट्रस्टनं मार्गदर्शक सूचनांनी भरली. ठिकाण म्हणजे बांधायची जागा नव्हे, परिसर. आणि लायसन्सच्या मुदतीत फिरण्याचा पल्ला 15 ते 20 मैलांपेक्षा कमी असेल तर तो प्रवास मानला जाणं फार अवघड. मूल एका शाळेत आणि नोकरी एका इस्पितळात असलेल्या माणसानं हे गणित कसं सोडवायचं? लोक सोडवतात. पहाटे पाचला सायकल काढून सोडवतात.

(दृश्य : काठावर चालणारा ट्रस्टचा कर्मचारी. बोटीचा क्रमांक बघतो, हातातल्या यंत्रावर नोंदवतो, पुढे जातो.)

हा माणूस रोज चालतो. पावसात, थंडीत. बोटीवरचा क्रमांक, ठिकाण, तारीख. त्याच्याशी भांडणारे फार कमी दिसले. दोघा-तिघांनी तर त्याला चहा विचारला. नोंदी पुढे कुठल्या टेबलावर जातात आणि तिथं कोण काय ठरवतं, ते आम्हाला चित्रित करता आलं नाही.

लंडनच्या शंभर मैलांच्या पाण्यावर आज चार हजारांच्या आसपास बोटी आहेत, आणि त्यांतल्या साधारण निम्म्यांना ठरलेली जागा नाही. गर्दी खरी आहे. काठावरच्या घरांतून धुराच्या आणि इंजिनाच्या तक्रारी येतात, त्याही सगळ्या खोट्या नाहीत. 2021 च्या पर्यावरण कायद्यानं बांधलेल्या बोटींच्या धुरालाही लगाम घालण्याची मुभा स्थानिक कौन्सिलांना दिली. इझ्लिंग्टनमध्ये काही बोटींसाठी काठावर विजेची जोडणी बसवली आहे. तिथं इंजिन बंद, कोळसा बंद. बाई म्हणाल्या, अशी जोडणी शहरभर द्या, कोळशाची पिशवी मी आजच पाण्यात टाकते. मग लगेच म्हणाल्या, पाण्यात नाही, दंड होईल.

ट्रस्टची अडचण पैशांची आहे. दोनशे वर्षांच्या भिंती आणि दारं सांभाळायची, आणि सरकारी अनुदान 2027 नंतर आटत जाणार. एप्रिल 2024 पासून ठरलेली जागा नसलेल्या बोटींच्या लायसन्सवर जादा आकार सुरू झाला. पहिल्या वर्षी 5 टक्के, दरवर्षी वाढत 2028 मध्ये 25 टक्के. नॅशनल बार्जी ट्रॅव्हलर्स असोसिएशन या, बोटीवर फिरत राहणाऱ्यांच्या संघटनेनं त्याविरुद्ध आवाज उठवला. दरम्यान ट्रस्टनं सगळ्या लायसन्स पद्धतीचाच विचार करायला एक स्वतंत्र आयोगही नेमला. लायसन्स गेलं तर 1983 च्या कायद्यानुसार 28 दिवसांची नोटीस, आणि राहतं घर असेल तर प्रकरण कोर्टात. इथल्या कोर्टात कॅमेरा नेता येत नाही.

(दृश्य : रीजंट्स पार्क. मॅक्लस्फील्ड पूल. लोखंडी खांबांवरच्या खाचा जवळून.)

हा पूल दाखवायचा मोह आवरत नाही. 2 ऑक्टोबर 1874 च्या पहाटे टिलबरी नावाची बोट पुलाखालून जाताना तिच्यातल्या बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला. बोटीवरची तिघं माणसं गेली, पूल उडाला. नवा पूल उभारताना जुनेच खांब वापरले, फक्त फिरवून. म्हणून घोड्यांच्या दोरांनी पाडलेल्या खाचा खांबांच्या दोन्ही अंगांना दिसतात. एक अंग स्फोटाआधीचं, एक नंतरचं. खाच बोटानं चाचपून बघा. ओला दोर लोखंड कापतो.

(दृश्य : मेडा हिलचा बोगदा, मग लिटल व्हेनिस. संध्याकाळचं ऊन.)

लिटल व्हेनिस. सुंदर, आणि म्हणूनच इथल्या काही जागा आधी बुक करून, पैसे भरून घ्यायच्या. बाई थांबल्या नाहीत. पाण्याची टाकी भरून घ्यायला नळ लागतो, शौचाची टाकी रिकामी करायला ठरलेली जागा लागते, आणि दोन्हीकडे रांग असते. हा अर्धा तास आम्ही कापला आहे. वास पडद्यावर येत नाही, पण तरी.

(दृश्य : केन्सल ग्रीन. डाव्या काठाला गॅसवर्क्सची जुनी भिंत, उजवीकडे दफनभूमीची झाडं. अंधार पडतो आहे.)

सकाळपासून चौदा किलोमीटर. काठ इथंही भरलेला. शेवटी एका निळ्या बोटीच्या खिडकीत दिवा दिसला. बाईंनी इंजिन मंद केलं आणि हाक मारली. एक म्हातारे गृहस्थ हातात झारा घेऊन बाहेर आले. मान हलवली. बाईंनी दोर फेकला, त्यांनी तो झाऱ्यासकट झेलला आणि आपल्या बोटीच्या कडीत अडकवला.

“सकाळी लवकर निघता का?” त्यांनी विचारलं.

“साडेपाचला.”

“मग बूट काढून जा.”