वाचून दाखवणं थांबवू नका

श्रोतेहो, नमस्कार.

मूल दुसरी-तिसरीत गेलं, ओळीखाली बोट फिरवत का होईना स्वतः वाचायला लागलं, की बहुतेक घरांत एक गोष्ट बंद पडते. रात्री त्याला पुस्तक वाचून दाखवणं. 'आता तुझं तुला येतं ना, मग वाच की,' असं आपण म्हणतो. त्यात कौतुकही असतं आणि दिवसभराच्या कामानंतर थोडी सुटकाही. मला आज या टप्प्याबद्दल बोलायचं आहे. मी दोन मुलांचा बाप आहे, पुस्तकांवाचून माझं पान हलत नाही, आणि माझं ठाम मत झालं आहे की वाचून दाखवणं याच वेळी थांबवू नये.

या वयातल्या मुलाचे कान डोळ्यांच्या कितीतरी पुढे असतात. लांबलचक गोष्ट, त्यात दहा पात्रं, कोणाचा कोणावर राग आहे, कोण कोणापासून काय लपवतंय, हे सगळं त्याला ऐकून नीट कळतं. तेच पान समोर ठेवलं तर 'उद्ध्वस्त' नाहीतर 'ज्योत्स्ना' अशा एखाद्या जोडाक्षरापाशी गाडी अडते, आणि ते सुटेपर्यंत वाक्याची सुरुवात डोक्यातून गेलेली असते. वाचून दाखवणं बंद झालं की त्याच्या वाट्याला उरतं ते फक्त त्याला स्वतःला झेपेल तेवढंच, म्हणजे मोठ्या टायपातली चार-चार ओळींची गोष्ट. त्या गोष्टीच्या पुढे तर ते केव्हाच गेलेलं असतं. मग पोर कंटाळतं, पुस्तक बाजूला टाकतं, आणि आपण पाहुण्यांना सांगून मोकळे होतो, 'आमच्याकडच्याला वाचनाची आवडच नाही.'

इंग्रजी माध्यमातल्या मुलांचं तर हे दुपटीने खरं. माझी दोन्ही मुलं तशाच शाळेत जातात. घरात मराठी फाडफाड बोलतात, भांडतातही मराठीतच, पण मराठीचं छापील पान म्हटलं की चेहरा पडतो. अशा मुलांपर्यंत मराठी पुस्तक आधी कानावाटेच पोचतं. थोरलीच्या बाबतीत मी हे जवळून पाहिलं आहे. रात्री ऐकलेलं प्रकरण ती दुसऱ्या दिवशी स्वतःहून उघडायची. पुढे काय येणार हे ठाऊक असलं की जोडाक्षराची भीती निम्मी होते.

आपल्याकडे ही काही नवी गोष्ट नाही. कोपऱ्यात बसून एकट्याने, मनातल्या मनात वाचणं ही घराघरांत रुळलेली सवय तशी अलीकडची. त्याआधी ग्रंथ वाचला जायचा तो चार माणसांत आणि मोठ्याने. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय सुरू होतो तोच श्रोत्यांकडे लक्ष मागून: 'तरी अवधान एकलें दीजे, मग सर्वसुखासि पात्र होईजे.' श्रीधरस्वामींचे ग्रंथ, १७०२ सालचा हरिविजय, १७१२ सालचा पांडवप्रताप, श्रावणात देवळादेवळांत लागायचे, अजूनही लागतात. सिन्नर तालुक्यातल्या आमच्या गावी मारुतीच्या देवळात पोथी लागली की एक जण वाचक आणि एक जण सूचक. वाचकाने ओवी म्हणायची, सूचकाने अर्थ उलगडायचा, आणि मध्येच कोणीतरी बाई विचारायची, 'मग द्रौपदी गप्प बसली का?' त्यावर पाच मिनिटं चर्चा, मग पुढची ओवी.

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. कागदावर अंगठा उठवायची. पण पांडवप्रतापाचे ६४ अध्याय तिने वर्षानुवर्षं ऐकलेले. भावकीत जमिनीचा वाद निघाला की ती विदुराने काय सांगितलं आणि धृतराष्ट्राने ते कसं ऐकलं नाही, हे असं सांगायची की जणू ती माणसं वरच्या आळीत राहतात. तिला कोणी अडाणी म्हटलेलं मला आजही खपणार नाही. घरात पुस्तकं पोचायला प्रत्येकाला वाचता यायलाच हवं असं नाही. एकाला वाचता आलं आणि बाकीचे बसून ऐकायला तयार असले तरी पुष्कळ होतं.

मी नाशिकला राहतो, त्यामुळे पुढचं सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहायला घेतलं ते इथल्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये. दिवसा काम आणि रात्री लेखन, अशा अवघ्या पाच दिवसांत त्यातला बराचसा भाग उतरला. पुस्तक छापून आलं १९३५ साली. त्यातल्या प्रकरणांना 'रात्र' म्हटलं आहे: रात्र पहिली, रात्र दुसरी. श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो आणि ते ऐकत बसतात. म्हणजे या पुस्तकाची बांधणीच मुळी सांगण्या-ऐकण्याची आहे. आम्हीही ते घरात तसंच वाचलं, एका रात्रीत एकच 'रात्र'.

'मोरी गाय' वाचताना माझा आवाज लागेना. दोन ओळी वाचायचो, थांबायचो. धाकट्याने पुस्तकावरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, 'बाबा, तुम्ही रडताय?' मी हो म्हटलं. तो सरकून जवळ आला आणि म्हणाला, 'मग हळू वाचा.' मुलांनी बापाला रडताना कधी पाहायचं? घरात कोणी गेलं तर तेव्हा, आणि त्या वेळी त्यांना बाजूच्या खोलीत पाठवलेलं असतं. आमच्या घरात ते असं एका पुस्तकामुळे झालं, आणि त्यानंतर माझ्यापाशी मन मोकळं करणं त्याला सोपं गेलं, असं मला वाटतं.

पण गंभीरच वाचा असं माझं म्हणणं अजिबात नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मोठ्याने वाचून पाहा. बनेश फेणे, फुरसुंगीचा पोरगा, पुण्यात शिकणारा, सायकल हाणत संकटात शिरणारा. काही सुचलं की तोंडाने 'ट्टॉक्' करणारा. आमच्या घरात ठरलेलं आहे: वाचायचं मी आणि 'ट्टॉक्' करायचं धाकट्याने. त्यामुळे ओळ येण्याच्या आधीच तो पुस्तकात डोकं खुपसून बघतो की 'ट्टॉक्' आलं का. एवढ्यासाठी म्हणून तो पान भराभर नजरेखालून घालायला लागला. एकदा जेजुरीला जाताना हडपसरच्या पुढे फुरसुंगीची पाटी दिसली, आणि गाडीत जो गलका झाला म्हणता, 'बन्याचं गाव! बन्याचं गाव!' मागच्या सीटवरच्या आजीबाईंना वाटलं आमचे कोणी पाहुणे तिथे राहतात. मी त्यांना नाही म्हणालो नाही.

आता दोन गोष्टी नको म्हणून सांगतो, कारण चांगल्या हेतूने केलेल्या या गोष्टींनी वाचनाचं फार नुकसान होतं. पहिली, 'आधी दहा पानं वाच, मग मोबाईल मिळेल.' हे म्हटलं की पुस्तक म्हणजे नाक दाबून गिळायचा काढा झाला आणि मोबाईल त्यावरचा खडीसाखरेचा खडा. दुसरी, पुस्तक मिटताक्षणी, 'मग यातून काय बोध घेतलास?' शाळेत तात्पर्य लिहावं लागतं, तिथे त्याला मार्क असतात. घरी रात्री पांघरुणात ते विचारू नये. गोष्ट मुलाच्या मनात राहू द्यावी. चार दिवसांनी जेवताना ते आपण होऊन विचारतं, 'पण तो खोटं का बोलला?' त्या प्रश्नाची वाट पाहण्याइतका धीर आपल्याला असायला हवा.

पुस्तकं आणायची कुठून, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. दर आठवड्याला विकत घेणं आमच्याही खिशाला परवडत नाही. आमच्याकडे १८४० सालचं सार्वजनिक वाचनालय आहे, आम्ही सगळे त्याला 'सावाना' म्हणतो. आपापल्या गावी चौकशी करा. महाराष्ट्रात सरकारमान्य वाचनालयं हजारांनी आहेत. मुलाचं वेगळं कार्ड काढा आणि पुस्तक त्याला निवडू द्या. त्याने चार वेळा भुताखेतांचंच आणलं तर आणू द्या, तेच वाचून दाखवा. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. त्यातल्या गोष्टी एका बैठकीत संपणाऱ्या असतात, त्यामुळे सुरुवातीला बऱ्या. अगदी लहान मुलं असतील तर माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं आणा. त्यांत घरातलीच माणसं आणि घरातलेच प्रसंग असतात, आणि चित्रांत पाहण्यासारखं इतकं असतं की एका पानावर रात्र निघते.

आणि वाचून दाखवायचं ते आईवडिलांनीच, असंही नाही. माझ्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी काही दिवस डोळ्यांना ताण देऊ नका म्हणून बजावलं. आयुष्यभर चहाबरोबर पेपर वाचणारा माणूस, त्यांचा जीव खाली-वर होऊ लागला. मग थोरलीला बसवलं. पहिल्या दिवशी ती 'विधानपरिषद' तीन तुकड्यांत वाचत होती आणि आजोबा डोळे मिटून तिला दुरुस्त करत होते. पुढे पुढे ते विचारायला लागले, 'कांद्याचा भाव काय दिलाय? लासलगावचा बघ.' तिला लासलगावच्या बाजार समितीबद्दल काडीची माहिती नव्हती. आठवडाभरात ती क्विंटलचा हिशेब करायला लागली, आणि 'भाव पडला' म्हणजे शेतकऱ्याच्या घरात काय होतं, हे तिने आजोबांकडून ऐकलं. आजोबांची दृष्टी आली, पण पेपरवाचन त्यांनी तिच्याकडेच ठेवलं. 'तुझ्या आवाजात बातमी बरी वाटते,' म्हणतात.

हे सगळं ऐकताना कोणी म्हणेल, तुमचं बरं आहे, तुम्ही संध्याकाळी घरी असता. खरं आहे. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ सातपूरच्या कारखान्यात पाळीने जातात. दुसरी पाळी असली की घरी पोचेपर्यंत मुलगी झोपलेली असते. त्यांनी काय केलं, तर पुस्तक डब्याच्या पिशवीत टाकलं. जेवणाच्या सुट्टीत, कँटीनच्या बाहेर उभं राहून, ते दहा मिनिटं मोबाईलवर वाचून रेकॉर्ड करतात आणि घरी पाठवून देतात. मागे यंत्रांची घरघर, कोणाच्या तरी हाका, त्यात यांचा आवाज. मुलगी आईच्या फोनवर ते ऐकते आणि झोपते. परवा जिन्यात भेटले तेव्हा त्यांनी मला तिचा उलट आलेला निरोप ऐकवला. सात वर्षांची पोर खणखणीत आवाजात सांगत होती, 'बाबा, तुम्ही आज एक पान सोडलंत. राजा आत्ता तर घोड्यावर होता, लगेच होडीत कसा? उद्या ते पान आधी वाचा, मग पुढचं.'

नमस्कार.