ठाणे ते वाशी, अर्धा तास

ठाणे स्थानकाच्या ट्रान्सहार्बर फलाटावर वाशीची लोकल लागली आहे, आणि नौपाड्यात राहणारे हे गृहस्थ तिच्यात चढावे की नाही, याचा विचार करीत उभे आहेत. लोकलला शौचालय नसते. गेल्या वर्षी गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, पुढे मळ साठण्यासाठी पोटावर लावलेली तात्पुरती पिशवी निघाली आणि घरच्यांच्या जिवात जीव आला. यांचे हाल मात्र त्यानंतर सुरू झाले. दिवसातून दहा-बारा वेळा शौचाला धावावे लागे, आणि कळ आली की दोन मिनिटेही दम धरवत नसे.

गुदाशय ही साधारण 12 ते 15 सेंटिमीटर लांबीची साठवणीची जागा. ती काढून वरचे आतडे खाली आणून जोडले, तरी त्या आतड्याला तितके साठवता येत नाही, आणि आलेला वायू आहे की मळ, हेही नीट उमगत नाही. डॉक्टर या त्रासाला ‘लार्स’ (लो अँटिरियर रिसेक्शन सिंड्रोम) म्हणतात. 2012 साली डेन्मार्कच्या संशोधकांनी त्यासाठी पाच प्रश्नांची मोजणी तयार केली. 42 पैकी 30 किंवा अधिक गुण म्हणजे त्रास तीव्र. यांचे गुण 38 होते, पण तोवर त्यांनी हे कोणाला सांगितले नव्हते, आणि त्यांना कोणी विचारलेही नव्हते.

फिजिओथेरपीच्या खोलीत ते कुशीवर पडले आहेत. गुदद्वारात बसवलेल्या बोटाएवढ्या सेन्सरची रेघ पडद्यावर दिसते. ‘वायू रोखता तसे आत ओढा,’ असे सांगताच ते पोट आवळतात, श्वास कोंडतात, आणि रेघ जागची हलत नाही. श्रोणितळाचा, म्हणजे ओटीपोटाला खालून आधार देणारा स्नायू नेमका कोणता, हे हाती लागायलाच तीन आठवडे गेले. आवळल्यावर तो पूर्ण सैल सोडणे हाही व्यायामाचाच भाग आहे, आणि आमच्या मते तोच अधिक अवघड. जोडीला इसबगोल, डॉक्टरांनी ठरवून दिलेली लोपेरामाइड या जुलाब रोखणाऱ्या औषधाची मात्रा आणि जेवणाची नोंदवही आहे. गेलेला गुदाशय यातून परत येत नाही. कळ आल्यावर हाताशी थोडा वेळ मात्र मिळतो.

आज ते चढले. ऐरोली गेली, रबाळे गेले. घणसोलीला कळ आली, तेव्हा श्वास न कोंडता त्यांनी स्नायू आवळून धरला आणि ती ओसरू दिली. वाशी गाठली. परतताना मात्र तुर्भ्याला उतरावे लागले.