दहा आठवड्यांत रद्द झालेला कागद

मंडळी, मॅग्ना कार्टा, म्हणजे इंग्लंडच्या राजाने सरदारांना दिलेली हक्कांची सनद, म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं, तर किंग जॉन पिसाच्या लेखणीने सही करतोय आणि मागे सरदार उभे. एक तर सही नव्हतीच, मेणाचं सील लावलं होतं. आणि दुसरं म्हणजे तो करार सपशेल फसला. 15 जून 1215 ला झाला आणि 24 ऑगस्टला पोपने रद्दसुद्धा केला, दहा आठवडे फक्त.

मूळ भांडण पैशाचं. जॉनने 1204 मध्ये फ्रान्समधली नॉर्मंडी घालवली, ती परत मिळवायची म्हणून सरदारांच्या मागे स्क्यूटेजचा लकडा, म्हणजे लढायला येत नाहीस ना, मग पैसे टाक. एवढं उकळूनही 1214 ला बुव्हीनच्या लढाईत त्याच्या दोस्तांची फौज हरली, मग काय, सरदार भडकले, त्यांनी लंडन घेतलं, आणि राजाला थेम्सकाठच्या रनीमीडच्या कुरणात येऊन ऐकून घ्यावं लागलं.

आता त्या कागदात बघा काय काय आहे. थेम्स आणि मेडवे नद्यांतले मासे धरायचे बांध काढून टाका. दारू आणि धान्याचं माप सगळ्या राज्यात एकच ठेवा. विधवेला जबरदस्तीने लग्न करायला लावू नका. आणि याच सगळ्या किराणा यादीत मध्येच 39 वं कलम, की स्वतंत्र माणसाला त्याच्या बरोबरीच्यांच्या निवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय पकडायचं नाही. 'स्वतंत्र' हा शब्द मात्र लक्षात ठेवा, कारण जमिनीला बांधलेले कुळवाडी, म्हणजे बरीचशी जनता, त्यात धरलेलीच नव्हती. 12 वं कलम म्हणत होतं, राज्याच्या संमतीशिवाय स्क्यूटेज नाही.

1216 ला जॉन गेला, गादीवर नऊ वर्षांचं पोर, तिसरा हेन्री. त्याच्या पालकांनी सरदारांना शांत करायला सनद आपणहून परत काढली, पण 12 वं कलम हळूच गाळून. आणि गंमत इथेच आहे. 1225 मध्ये या हेन्रीला पैसे लागले, लोकांनी जंगम मालमत्तेचा पंधरावा हिस्सा दिला आणि बदल्यात सनद नव्याने घेतली. म्हणजे कलम कागदावरून गेलं पण सवय लागली! राजाची तिजोरी रिकामी झाली की तो दारात येणार, आणि लोक म्हणणार, आधी सनद कबूल कर. 1297 ला पहिल्या एडवर्डचंही तेच झालं. पार्लमेंटला जोर आला तो माझ्या मते तत्त्वज्ञानापेक्षा या घासाघिशीतून जास्त.

1354 च्या एका कायद्यात 'स्वतंत्र माणूस' जाऊन 'कुठल्याही दर्जाचा वा स्थितीचा माणूस' आला. मग सतराव्या शतकात राजा पहिल्या चार्ल्सने सक्तीचं कर्ज मागितलं, न देणाऱ्यांना कारण न सांगता तुरुंगात टाकलं, तेव्हा एडवर्ड कोक नावाच्या म्हाताऱ्या वकिलाने हीच सनद बाहेर काढली. इतिहास म्हणून त्याने लावलेला अर्थ बराच ओढूनताणून होता, पण 1628 चा पिटिशन ऑफ राइट, म्हणजे पार्लमेंटचा राजाकडे हक्कांचा अर्ज, त्यातूनच आला: पार्लमेंटशिवाय टॅक्स नाही, कारणाशिवाय कैद नाही.

आपल्या संविधानात कलम 21, जीविताचं आणि व्यक्तिस्वातंत्र्याचं, सगळ्यांना पाठ असतं, ते 39 व्या कलमाचं नातेवाईक. पण घरी गेल्यावर 265 काढून बघा, एका ओळीचं आहे, कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर लावता किंवा वसूल करता येणार नाही. ते 12 व्याच्या घराण्यातलं.