तीनशे चारची दोरी

(पडद्यावर दोन लहान हात आणि सुती दोरी. एक गाठ घट्ट ओढली जाते.)

ही मुलगी आठ वर्षांची आहे, आणि गेला पाऊण तास ती एकच आकडा लिहितेय. हातात पेन्सिल नाही, समोर कागद नाही. आकडा आहे 304. वर्गाच्या वाचनालयात तेवढी पुस्तकं आहेत, काल सगळ्यांनी मिळून मोजली. आज ती तो आकडा दोरीवर गाठींनी बांधतेय, दक्षिण अमेरिकेतले इंका लोक बांधायचे तसा.

वर तीन साध्या गाठी, म्हणजे तीनशे. खाली एक लांबट गाठ, दोरीला चार वेढे देऊन ओढलेली, म्हणजे चार. मध्ये काही नाही.

दोरी शेजारच्या मुलाच्या हातात जाते. तो बोटांनी चाचपतो.

"चौतीस."

"अरे, तीनशे चार आहे ते!"

"वर तीन, खाली चार. चौतीसच झाले ना?"

पुढची दहा मिनिटं वर्गात नुसता गलका होता. आम्ही कॅमेरा बंद केला नाही. "शून्य बांधायचं कसं?" हा प्रश्न एका मुलीने विचारला, आणि मग तो प्रत्येकाचाच होऊन बसला. बाईंनी उत्तर दिलं नाही. त्यांनी एक जाड दोर दोन बाकांच्या मध्ये ताणून बांधला आणि म्हणाल्या, "आपापल्या दोऱ्या इथे लटकवा. शेजारी शेजारी."

(जाड दोरावर एकेक दोरी लटकते. 248. 136. 304. 75.)

शतकाच्या गाठी शतकाच्या रांगेत, दशकाच्या दशकाच्या, एककाच्या सगळ्यात खाली. चौतीस म्हणणारा मुलगा गुडघे टेकून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "हिची मधली जागा मोकळी आहे. आणि त्या पंचाहत्तरची वरची."

इंकांचं राज्य दक्षिण अमेरिकेत, अँडीजच्या डोंगररांगांवर दूरवर पसरलेलं होतं. आपण जिला लिपी म्हणतो तशी लिपी त्यांच्याकडे नव्हती. माणसांची मोजदाद, कोठारांचा हिशेब, कोणी किती कर भरायचा, हे सगळं दोऱ्यांवर चालायचं. या दोऱ्यांना म्हणतात किपू. केचुआ भाषेत किपू म्हणजे गाठ. ती भाषा आजही लाखो लोक बोलतात, हे बाईंनी मुलांना मुद्दाम सांगितलं. राज्याच्या रस्त्यांचं जाळं सुमारे 30,000 किलोमीटरचं. त्यावरून चास्की नावाचे धावपटू निरोप हातोहात पुढे पोचवायचे, आणि त्यांच्यासोबत किपूही जायचे. 1532 मध्ये स्पॅनिश सैन्य आलं, राज्य मोडलं, आणि पुढे या दोऱ्या वाचण्याची विद्याही बहुतेक विस्मरणात गेली. आकड्यांच्या गाठी कशा वाचायच्या हे लेलंड लॉक यांनी 1912 मध्ये पुन्हा दाखवून दिलं. दशमान पद्धत, रिकामी जागा म्हणजे शून्य. मुलांनी आत्ता भांडून शोधलं, तेच.

पण काही किपू या नियमात बसत नाहीत. त्यांच्यावर काय नोंदवलंय हे आजवर कोणालाही वाचता आलेलं नाही.

"तुम्हालाही नाही, बाई?"

"मलाही नाही."

वर्ग एकदम शांत झाला. शिक्षकांनाही माहीत नसलेली, जगात कोणालाच माहीत नसलेली गोष्ट अजून शिल्लक आहे, ही बातमी मुलांना फार मोठी वाटली. मलाही ती मोठीच वाटते.

हाताने करून शिकण्याचा विचार काही नवा नाही. 1896 मध्ये अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी शिकागोत एक प्रयोगशाळा-शाळा सुरू केली. तिथे मुलांच्या हातात कच्ची लोकर आणि बोंडातला कापूस दिला जाई. एका गटाने अर्धा तास खपून सरकीपासून कापूस सोडवला, तो एक औंससुद्धा भरला नाही. म्हणजे तीस ग्रॅमही नाही. लोकरीच्या मानाने सुती कापडाचा उद्योग उशिरा का वाढला, हे त्या मुलांना कोणी सांगावं लागलं नाही. त्यांची बोटं दुखत होती.

आता एक गोष्ट सांगायची आहे, जी मनाला लागून राहिली आहे. काही वर्षांपूर्वी मी एका शाळेचा 'जग-दिन' चित्रित केला होता. प्रत्येक वर्गाला एक देश, प्रत्येक मुलाला एक पोशाख, भिंतीवर झेंडे. सगळं रंगीत, सगळी मुलं आनंदात. एका मुलाच्या डोक्यावर कागदी पिसांचा मोठा मुकुट होता. तो मला म्हणाला, "तिकडे सगळे असेच फिरतात." मी हसून कॅमेरा पुढे नेला. तेव्हा थांबायला हवं होतं. उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात लाकोटा, शायान यांसारख्या लोकांमध्ये गरुडाचं पीस मिळवावं लागतं. पराक्रमाने, सेवेने. असा मुकुट म्हणजे त्या समाजाने एखाद्याला दिलेला मान. तो कागदाचा करून दुपारी कचऱ्यात टाकायचा, यातून त्या लोकांबद्दल मूल काय शिकलं?

लुईझ डर्मन-स्पार्क्स या शिक्षणतज्ज्ञांनी 1989 मध्ये अशा शिकवण्याला पर्यटकांचा अभ्यासक्रम म्हटलं होतं. एक दिवस जायचं, बघायचं, परत यायचं. या वर्गातल्या बाईंचा नियम याच्या बरोबर उलटा आहे. लोक कसे दिसतात ते करायचं नाही, लोकांनी कोणती अडचण कशी सोडवली ते करून बघायचं. पोशाख नाहीत, मुखवटे नाहीत. अवघड काम मात्र भरपूर.

(उथळ ट्रेमध्ये पाणी. मधोमध एक दगड. एक मुलगा पट्टीने पाणी हलवतो.)

उदाहरणार्थ, हा समुद्र. पॅसिफिक महासागरातली मार्शल बेटं म्हणजे 29 प्रवाळद्वीपं आणि 5 सुटी बेटं. जमीन समुद्रापेक्षा जेमतेम दोन मीटर उंच. होडीतून ती दुरून दिसतच नाहीत. मग तिथले नावाडी बेट शोधायचे कसे? लाटांवरून. दूरवरून येणाऱ्या लाटा बेटाला अडतात, वळसा घालून पुढे जातात आणि पलीकडे एकमेकींना छेदतात. पाण्याच्या हेलकाव्यात हा बदल जाणवतो, आणि मुरलेला नावाडी तो अंगाने ओळखतो.

मुलांचा अंदाज होता की दगडाच्या मागे पाणी शांत असेल. ट्रेजवळ डोकी एकत्र आली. पट्टी हलली. एक मुलगी ओरडली, "फुली! पाण्यावर फुली होतेय!" मग प्रत्येकाला ती फुली बघायची होती, त्यामुळे बराच वेळ कोणालाच नीट दिसली नाही.

मार्शल बेटांवरचे नावाडी हे सगळं काड्यांच्या नकाशात बांधायचे. झावळीचे हीर वाकवून लाटांच्या रेषा करायच्या, आणि बेटांच्या जागी शिंपले बांधायचे. मुलांनी बांबूच्या पातळ काड्या घेतल्या. काड्या मोडल्या, दोरे सुटले, शिंपले घरंगळले. दोन तासांनी सात नकाशे तयार झाले, त्यातले चार वाकडे.

मग बाईंनी ते सगळे गोळा केले आणि कपाटात ठेवले.

"बाई, आता तर जायचंय ना समुद्रात!"

"हो. पण नकाशा किनाऱ्यावरच राहणार."

खरंच तसं होतं. हे नकाशे होडीत न्यायचे नसत. ते पाठ करायचे, मनात ठेवायचे आणि निघायचं. मुलांनी डोळे मिटले. कोणी बोटाने हवेत रेषा ओढत होतं, कोणी पुटपुटत होतं. एका मुलाने दोनदा डोळे उघडले आणि दोन्ही वेळा स्वतःहूनच पुन्हा मिटले.

इतरही बरंच काही झालं. मेसोपोटेमियातली, म्हणजे आजच्या इराकच्या भागातली कीलाक्षरं, खिळ्याच्या आकाराची अक्षरं, ओल्या मातीवर काडीच्या कोपऱ्याने उमटवून झाली. तिथल्या निप्पूर शहरात सुमारे 3,700 वर्षांपूर्वीच्या शाळेतल्या मातीच्या पाट्या सापडल्या आहेत. काहींवर शिक्षकांनी घालून दिलेला कित्ता आहे आणि सोबत विद्यार्थ्याने गिरवलेली अक्षरं. त्या विद्यार्थ्याचं अक्षर वाईट होतं, हे ऐकून मुलांना त्याच्याबद्दल आपुलकी वाटली.

दोरीचे खेळही झाले. दोरीचं एक वेटोळं, दोन हात आणि बोटांमधून आकृत्या. हे खेळ जगभर इतक्या ठिकाणी आहेत की 1902 मध्ये रिव्हर्स आणि हॅडन या दोन अभ्यासकांनी ते नोंदवायची एक ठरीव पद्धतच मांडली. उत्तर अमेरिकेतले नवाहो लोक परंपरेने हे खेळ फक्त हिवाळ्यात खेळतात, कोळी झोपलेले असताना. वर्गात हे सांगितल्यावर एका मुलाने विचारलं, "मग आपण आत्ता खेळलो तर चालेल?" बाई क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, "नवाहोंची आकृती हिवाळ्यात करू. आत्ता दुसरी करू." मला वाटतं, त्या आठवड्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य तेच होतं. पुढच्या तासाला कोणीही त्याचा उल्लेख केला नाही, पण नवाहो आकृतीच्या चित्राचं पान मुलांनी स्वतःच खूण घालून बंद करून ठेवलं.

(पुन्हा तीच मुलगी. जाड दोर. दुपारचं ऊन.)

शेवटच्या दिवशी वाचनालयातलं एक पुस्तक फाटलं. दुरुस्तीला गेलं. राहिली 303.

ती खालची गाठ सोडायला बसली. चार वेढ्यांची गाठ घट्ट बसलेली, नखांनी सुटेना. अखेर सुटली. तिने तीन वेढे दिले, ओढले, आणि मग दोरी उजेडात धरून बघत राहिली. जुनी गाठ होती तिथे दोरीला वाक पडला होता.

"बाई, खोडलेलं दिसतंय."

बाईंनी तिला सांगितलं की संग्रहालयांमधल्या जुन्या किपूंवरही संशोधकांना असे वाक दिसतात. कोणीतरी बांधलेली गाठ सोडून पुन्हा बांधली होती, हे त्यावरून कळतं.

"म्हणजे त्यांचंही पुस्तक फाटलं असेल?"

"पुस्तकं नव्हती त्यांच्याकडे. पण काहीतरी कमी झालं असेल."

मुलीने त्या वाकावरून बोट फिरवलं. मग दोरी परत तिच्या जागी लटकवली, 136 आणि 75 च्या मध्ये, आणि मधली मोकळी जागा बाकीच्यांच्या दशकांच्या रांगेत येते ना, ते वाकून नीट पाहिलं.