हजेरीपटावरची लस

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सरकारी शाळेला मिळणाऱ्या निधीचा मोठा भाग पटावरच्या नावांवर ठरत नाही, तर वर्षभरात रोज सरासरी किती मुले हजर राहिली यावर ठरतो. महाराष्ट्रातील 2011 ची पटपडताळणी ज्यांना आठवते, त्यांना यातली मेख चटकन कळेल: ज्या हजेरीवर पैसे घ्यायचे, ती तपासणीत टिकली पाहिजे. कॅलिफोर्नियात या तपासणीत लसींच्या नोंदीही येतात.

डिसेंबर 2014 मध्ये ॲनाहाइमच्या डिस्नेलँडमधून गोवराची साथ पसरली आणि एकट्या कॅलिफोर्नियात 131 रुग्ण आढळले. तोपर्यंत पालकांना वैयक्तिक मतांचे कारण देऊन मुलांच्या लसी टाळता येत असत. बालरोगतज्ज्ञ असलेले राज्याचे सिनेटर रिचर्ड पॅन यांनी बेन ॲलन यांच्यासह मांडलेल्या ‘एसबी 277’ या विधेयकाने ती सवलत काढून घेतली आणि 30 जून 2015 रोजी गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी त्यावर सही केली.

गाजले ते हे विधेयक. मात्र लसी अपुऱ्या असलेल्या मुलांमध्ये विरोधक पालकांच्या मुलांपेक्षा ‘सशर्त प्रवेश’ मिळालेली मुले कितीतरी अधिक होती. या मुलांच्या लसी सुरू झालेल्या असतात, पुढचे डोस बाकी असतात, आणि ते वेळेवर घेतले जातात की नाही हे शाळेने पाहायचे असते. घर बदलले, कागद हरवला, दवाखान्यात जायला सुट्टी मिळाली नाही, अशी साधी कारणे यामागे असू शकतात. अशा मुलांचे प्रमाण ज्या शाळांत जास्त दिसते, तेथे लेखापरीक्षक नोंदी तपासतात, आणि नियम डावलून वर्गात बसवलेल्या मुलांची हजेरी निधीच्या हिशेबातून वगळली जाऊ शकते. पैशाची झळ शाळेला बसते, आणि पालकांना फोन करण्याचे काम शाळेच्या कार्यालयाकडे येते.

किंडरगार्टनमध्ये, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात, सर्व आवश्यक लसी घेतलेल्या मुलांचे प्रमाण 2014-15 मध्ये 90.4 टक्के होते. 2016-17 मध्ये ते 95.6 टक्के झाले. त्याच काळात सशर्त प्रवेश 6.9 टक्क्यांवरून 1.9 टक्क्यांवर आले. वैयक्तिक मताची सवलत घेणारी मुले आधीही अडीच टक्क्यांच्या आसपासच होती, म्हणून या वाढीचे बरेचसे श्रेय विधिमंडळातील भाषणांपेक्षा कार्यालयातील पाठपुराव्याला द्यावे लागते. पुढे वैद्यकीय सवलतीचे दाखले वाढू लागले, तेव्हा 2019 मध्ये त्यांच्या छाननीसाठी आणखी एक कायदा करावा लागला.

14 फेब्रुवारी 2025 रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी हाच निधीचा दोर उलट दिशेने ओढला: विद्यार्थ्यांना कोविडची लस सक्तीची करणाऱ्या शाळांना केंद्राचा निधी देऊ नये, असा आदेश त्यांनी काढला. कॅलिफोर्नियाने 2021 मध्ये जाहीर केलेली तशी सक्ती 2023 मध्येच गुंडाळली होती. शिवाय अमेरिकी शाळांच्या एकूण खर्चात केंद्राचा वाटा साधारण एक दशांश असतो. गोवर, पोलिओ, धनुर्वात यांच्या लसींना तो आदेश लागू नव्हता. त्यामुळे किंडरगार्टनच्या प्रवेशासाठी आलेल्या पालकांकडे एमएमआरच्या (गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील एकत्रित लसीच्या) दोन डोसांची नोंद त्यानंतरही मागितली जात राहिली.