शेवट माहीत असूनही

[पडदा काळा. थिएटरमधल्या खुर्च्यांचा, कुजबुजीचा आवाज. मग प्रोजेक्टरचा झोत.]

निवेदन:

सिनेमा आवडला, असं पहिल्यांदा पाहूनही म्हणता येतं. पण आयुष्यभराच्या आवडत्यांमध्ये तो जाऊन बसतो तिसऱ्या-चौथ्या खेपेला. तोवर खुनी कोण ते ठाऊक असतं, कोण मरणार ते ठाऊक असतं, पुढचं वाक्य पात्राच्या आधी आपल्या ओठांवर येतं. तरी आपण बघत बसतो. 'गोष्ट छान आहे' हे उत्तर इथे पुरत नाही, कारण गोष्ट तर संपलेली आहे. मग पुन्हा पाहताना धरून ठेवतं ते काय?

[समुद्र. पाण्याखालून वर पाहणारा कॅमेरा.]

स्टीव्हन स्पीलबर्गचा 'जॉज', १९७५. चित्रीकरण ५५ दिवसांत उरकायचं होतं, लागले १५९. यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा. शार्कच हाताशी नाही म्हटल्यावर त्याच्या खुणा दाखवणं भाग पडलं: मोडून पाण्यात ओढला गेलेला लाकडी धक्का, लाटांवर धावणारी पिवळी पिंपं आणि जॉन विल्यम्सचे ते दोन सूर.

इथवरचा किस्सा सगळे सांगतात. त्याहून मोठी करामत पुढे आहे. किनाऱ्यावर दोन पोरं शार्कच्या पाठीवर असतो तसा खोटा पंख लावून लोकांना घाबरवतात, तेव्हा पार्श्वसंगीत वाजतच नाही. म्हणजे दिग्दर्शकानं प्रेक्षकाशी करार केला: सूर वाजले तर शार्क, नाही वाजले तर नाही. प्रेक्षकाला कुणी समजावून सांगत नाही, पण तो हे शिकतो. आणि मग पोलीसप्रमुख बोटीच्या मागच्या बाजूनं पाण्यात आमिष टाकत असतो, तेव्हा शार्क डोकं वर काढतो, एकही सूर न वाजता. करार मोडला. पहिल्या वेळी दचकायला होतं. पाचव्या वेळी दचकत नाही, पण आपल्याला कसं गंडवलं ते दिसतं आणि त्याचीच मजा वाटते. पुन्हा पाहण्यासाठी दर वेळी नवं काहीतरी शिल्लक राहिलं पाहिजे, ते हे असं.

केवळ शेवटच्या धक्क्यावर उभा असलेला सिनेमा इथेच मार खातो. धक्का एकदाच बसतो. दुसऱ्या वेळी प्रेक्षक आधीच्या दृश्यांत त्याच्या खुणा शोधतो. त्या सापडल्या तर सिनेमा टिकतो. दिग्दर्शकानं नुसती माहिती दडवली होती असं लक्षात आलं, तर फसवणूक वाटते आणि माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही.

[रेस्टॉरंटमधलं टेबल. चेहऱ्यावर कॅमेरा स्थिर.]

'द गॉडफादर', १९७२. छोटं रेस्टॉरंट, टेबलाशी तिघं. मायकल दोघांना गोळ्या घालणार आहे आणि आजवर त्यानं घरच्या माफिया धंद्यात हात घातलेला नाही. समोरचा माणूस इटालियनमध्ये बोलतोय आणि खाली उपशीर्षकं नाहीत. म्हणजे शब्दांकडे लक्ष द्यायची सोयच ठेवलेली नाही. बघायचं ते मायकलच्या डोळ्यांकडे. इतक्यात उन्नत रेल्वेमार्गावरच्या गाडीचा कर्कश खरखराट वाढत जातो. गाडी पडद्यावर एकदाही दिसत नाही. ध्वनीचं काम पाहणाऱ्या वॉल्टर मर्च यांनी तो आवाज बाहेरून आणला आणि मायकलच्या डोक्यात चाललेला गोंधळ त्याच्यावर सोपवला.

पार्श्वसंगीत? गोळ्या सुटेपर्यंत अजिबात नाही. पिस्तूल हातातून पडतं, त्यानंतर नीनो रोटा यांचं संगीत सुरू होतं. हेच व्हायोलिनचा ताफा आधीपासून लावून केलं असतं तर काय वाटायचं हे प्रेक्षकाला आयतं कळलं असतं आणि त्याला करायला काही उरलं नसतं. सामान्य सिनेमात नेमकं हेच बिघडतं: संगीत भावनेच्या आधी पोचतं.

[गाव. वादळानंतरचं पडकं घर.]

आता याच्या अगदी उलट जागा. सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली', १९५५. बाप, हरिहर, बऱ्याच महिन्यांनी घरी परततो. वादळानं घराची दैना झालेली. मुलगी दुर्गा गेल्याचं त्याला माहीत नाही. तो आणलेल्या वस्तू एकेक करून बायकोला, सर्वजयाला, दाखवतो. ती गप्प. मग तो दुर्गासाठी आणलेली साडी पुढे करतो आणि सर्वजयाचा बांध फुटतो.

तिचं तोंड उघडलेलं दिसतं, पण रडण्याचा आवाज ऐकू येत नाही. तो पूर्ण काढून टाकलाय आणि त्याजागी तारशहनाई वाजते, वरच्या सप्तकात, पटदीप रागात. तारशहनाई म्हणजे गजानं वाजवायचा इसराजच, फक्त त्याला आवाज वाढवणारा धातूचा कर्णा जोडलेला. तंतुवाद्य असूनही त्याचा आवाज फुंकून वाजवल्यासारखा, माणसाच्या गळ्याजवळ जाणारा येतो. खरं रडणं ठेवलं असतं तर ते एका बाईचं रडणं झालं असतं आणि त्यात अभिनय किती, हेही आपण नकळत तोलत बसलो असतो. इथे तोलायला काही सापडत नाही. रविशंकरांनी या सिनेमाचं संगीत जेमतेम एका रात्रीच्या बैठकीत उरकलं होतं. घाईत झालेलं काम भिकार होतं, असा नियम नाही तर.

[दगड-खडकांचा माळ.]

'शोले' १९७५चाच. त्यातल्या सांभाच्या वाट्याला संपूर्ण सिनेमात मोजके शब्द आहेत, तरी तो लोकांना नावानिशी आठवतो. सुरमा भोपाली, जेलर, मौसी, कोणीही नुसतं कथा पुढे ढकलायला आलेलं नाही. या सिनेमाच्या गाण्यांबरोबर संवादांच्याही तबकड्या निघाल्या आणि खपल्या. लोक सिनेमा घरी ऐकत होते. पुन्हा थिएटरात जायचं ते पाठ झालेलं वाक्य शंभर जणांबरोबर ऐकायला.

इतकं सगळं जमूनही सिनेमा आवडता होईलच असं नाही. तो लोकांच्या नजरेसमोर राहावा लागतो आणि तिथे नशिबाचा भाग मोठा. 'द शॉशँक रिडेम्प्शन' १९९४ साली आला. खर्च अडीच कोटी डॉलर, पहिल्या फेरीची कमाई सुमारे १.६ कोटी. ऑस्करसाठी सात नामांकनं, पुरस्कार शून्य. नंतर व्हिडिओ कॅसेटवर तो भाड्यानं भरपूर गेला आणि १९९७ पासून अमेरिकेतल्या टीएनटी वाहिनीनं तो पुन्हा पुन्हा लावला. मधूनच लागला तरी पाच मिनिटांत गुंतवून ठेवणारा हा सिनेमा. वाहिनीला याहून काय हवं?

'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६) तर कारकुनी चुकीवर तरला. १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचं नूतनीकरण राहून गेलं. फुकट मिळतोय म्हटल्यावर तिथल्या टीव्ही केंद्रांनी तो दर नाताळात दाखवला आणि थिएटरात तोट्यात गेलेला सिनेमा घरोघरचा झाला.

[पडद्यावर आकडे.]

मग याद्या. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं. प्रत्येकानं दहा नावं द्यायची, क्रम न लावता. प्रत्येक नावाला एक मत. म्हणजे कुणाचाच पहिला आवडता नसलेला, पण पुष्कळांच्या दहांत असलेला सिनेमा अव्वल येऊ शकतो. १९६२ ते २००२ अशा पाचही खेपांना 'सिटिझन केन' वर होता. २०१२ मध्ये 'व्हर्टिगो', २०२२ मध्ये 'जान दिलमन'. मधल्या काळात मतदार ८४६ वरून १,६०० च्या पुढे गेले होते. मत कोण देतं ते बदललं की श्रेष्ठ काय तेही बदलतं.

आयएमडीबी या संकेतस्थळावर प्रेक्षक सिनेमांना दहापैकी गुण देतात, त्या यादीचं गणित वेगळं. सरासरी गुण जसेच्या तसे घेत नाहीत. मतं कमी असतील तेवढे ते सगळ्या सिनेमांच्या सरासरीकडे ओढले जातात. ही सर्वसाधारण सरासरी ७ धरू आणि यादीत यायला लागणाऱ्या किमान मतांचा उंबरठा २५,००० चा. ९.२ गुण आणि २५,००० मतं असतील तर हिशेबात ८.१ धरले जातात. तेच गुण सव्वादोन लाख मतांचे असतील तर जवळपास ९. म्हणून चाहत्यांनी धडाधड दहापैकी दहा दिले तरी नवा सिनेमा लगेच शिखरावर जात नाही.

[दिवाणखान्यातला टीव्ही. रिमोटवर बोट.]

आणि बरेचदा आवडता सिनेमा घरी पाहताना फिका पडतो, त्याला सिनेमा जबाबदार नसतो. तो सेकंदाला २४ फ्रेमवर, म्हणजे २४ स्थिर चित्रांवर, चित्रित झालेला असतो. नवे टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच रचून भरतात आणि चित्र टीव्ही मालिकेसारखं गुळगुळीत दिसायला लागतं. सेटिंगमध्ये जाऊन हे बंद करा. कंपनीप्रमाणे नाव 'ट्रूमोशन', 'मोशनफ्लो' असं काहीतरी असतं. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो निवडला की पुरे. चित्राला 'झूम' लावू नका, नाहीतर वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्या जातात आणि त्यांच्याबरोबर चौकटीच्या कडेला उभी असलेली माणसंही. संवाद पुटपुटल्यासारखे आणि स्फोट कानठळ्या बसवणारे येत असतील, तर बहुधा सहा स्पीकरांचा आवाज दोन स्पीकरांत कोंबला जातोय. आवाजाचा पर्याय 'स्टीरिओ' करा. रात्री 'नाइट मोड' लावा, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी होतं.

आपल्याला काय आवडलंय ते शोधायचं असेल तर तीन-चार मिनिटांचं एकच दृश्य घ्या. एकदा आवाज बंद करून पाहा आणि कॅमेरा कुणाच्या चेहऱ्यावर किती थांबतो ते मोजा. मग डोळे मिटून फक्त ऐका. संगीत कुठे सुरू होतं, कुठे थांबतं, कोणता आवाज पडद्याबाहेरून येतो, टिपून ठेवा. मग दोन्ही एकत्र. ऐकताना हेडफोनच लावा. टीव्हीच्या पाठीमागच्या चपट्या स्पीकरमधून खर्जातले आवाज नीट येत नाहीत.