एस्टेल ॲक्स्टन: दुकानाच्या गल्ल्यावर घडलेली रेकॉर्ड कंपनी

(दृश्य: मेम्फिस शहराची जुनी छायाचित्रं. ईस्ट मॅकलेमोर अव्हेन्यू.)

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं मिडलटन हे लहानसं गाव. पुढे ‘स्टॅक्स’ नावाने गाजलेल्या रेकॉर्ड कंपनीच्या सहसंस्थापक एस्टेल यांचा जन्म तिथे १९१८ साली झाला. काही काळ त्यांनी शाळेत शिकवलं, मग मेम्फिसमध्ये बँकेत नोकरी धरली. धाकटा भाऊ जिम स्ट्युअर्ट हाही बँकेतच नोकरीला. फिडल, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन, वाजवायचा, आणि १९५७ साली त्याने ‘सॅटेलाइट’ नावाची रेकॉर्ड कंपनी काढली होती. अडचण एकच होती, चांगलं रेकॉर्डिंग मशीन नव्हतं. एस्टेल यांनी नवऱ्याला राजी केलं, राहतं घर गहाण टाकलं आणि २,५०० डॉलर उभे केले. त्या पैशातून ॲम्पेक्स ३५० हे टेप मशीन आलं. वय चाळिशीचं, पदरी दोन मुलं. नोकरी मात्र त्यांनी लगेच सोडली नाही.

१९६० मध्ये मॅकलेमोर अव्हेन्यूवरचं बंद पडलेलं कॅपिटल थिएटर महिना १५० डॉलर भाड्याने मिळालं. खुर्च्या काढल्या, मध्ये भिंत घातली, पडदे लावले. मंचावर कंट्रोल रूम झाली. प्रेक्षागृहाची जमीन उतरती होती; ती सपाट करायला पैसे नव्हते, म्हणून तशीच राहिली. पुढे याच कंजुषीने कंपनीला तिचा आवाज दिला. जमीन आणि छत समांतर असले की आवाज दोघांमध्ये आपटत राहतो आणि काही सूर विनाकारण फुगतात. इथे तो तिरका उसळून पसरायचा. स्टुडिओ होताही ऐसपैस, त्यामुळे ड्रमचा आवाज हॉर्नच्या (ट्रम्पेट, सॅक्सोफोनसारख्या फुंकवाद्यांच्या) माइकमध्ये शिरायचा, आणि तो मिसळलेपणाच कानाला भरीव लागायचा.

मशीन मोनो, म्हणजे एकच ट्रॅक. गायक, ड्रम, गिटार, हॉर्न, सगळ्यांनी एकाच वेळी वाजवायचं. कुणाचा आवाज किती पुढे यावा हे वाजवतानाच ठरायचं; नंतर वर-खाली करायची सोय नाही. ट्रम्पेटचा एक सूर घसरला तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून.

(दृश्य: रेकॉर्ड दुकानाचा दर्शनी भाग.)

थिएटरच्या दर्शनी भागात पूर्वी खाऊचा काउंटर होता. एस्टेल यांनी तिथे ‘सॅटेलाइट रेकॉर्ड शॉप’ थाटलं. सुरुवातीला या दुकानाच्या कमाईचा कंपनीला मोठाच आधार होता. पण त्यांची खरी हुशारी गल्ल्यापलीकडे होती. स्टुडिओत नवं गाणं झालं की त्याची चाचणी तबकडी दुकानात लावायची आणि गिऱ्हाइकांकडे बघत राहायचं. पाय ठेका धरतात का? कोण विचारतं, “हे कुणाचं?” ज्या गाण्याला कुणी विचारलं नाही, त्याची तबकडी छापण्यात पैसे घालायची घाई नाही. लहान कंपनी बुडते ती बहुधा न खपलेल्या तबकड्यांच्या ढिगाखाली. दुकानामुळे तो धोका आधीच कळायचा.

दुसऱ्या कंपनीचं एखादं गाणं जोरात खपायला लागलं की त्या ते आपल्या गीतकारांना ऐकवायच्या आणि लोक ते का घेताहेत याचा ऊहापोह करायच्या. स्टीव्ह क्रॉपर हा गिटारवादक याच दुकानात काम करायचा. शाळकरी बुकर टी. जोन्स तिथे तासन्‌तास रेकॉर्ड ऐकत बसायचा. दोघं मिळून पुढे ज्या चमूत वाजवू लागले, त्या बुकर टी. अँड द एमजीजमध्ये काळे आणि गोरे वादक एकत्र होते. १९६२ च्या मेम्फिसमध्ये, जिथे रंगावरून सगळं वेगळं होतं, ही सरळ सरळ धाडसाची गोष्ट होती. त्यांचं ‘ग्रीन अनियन्स’ आधी तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलं होतं. मागणी त्यालाच आली आणि ते देशभर गाजलं.

त्याआधी, १९६१ मध्ये, ‘लास्ट नाइट’ हे वाद्यगीत बाजारात आणायचा आग्रह एस्टेल यांनीच धरला. त्यांचा मुलगा पॅकी त्यात सॅक्सोफोन वाजवत होता, पण मुद्दा मुलाचा नव्हता, दुकानातल्या मागणीचा होता. गाणं पॉप यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेलं. त्याच वर्षी कळलं की ‘सॅटेलाइट’ नावाची कंपनी दुसरीकडे आधीच आहे. मग स्ट्युअर्टमधलं ‘स्ट’ आणि ॲक्स्टनमधलं ‘ॲक्स’ घेऊन नाव झालं ‘स्टॅक्स’.

(दृश्य: करारपत्र, टेपची रिळं.)

गाणं ओळखण्यात ही मंडळी पक्की होती. कागदात मात्र कच्ची राहिली. न्यूयॉर्कच्या अटलांटिक कंपनीशी वितरणाचा व्यवहार सुरुवातीला तोंडी चालला होता. १९६५ मध्ये लेखी करार झाला. त्यात एक कलम असं होतं की अटलांटिकने वितरित केलेल्या मूळ टेपची मालकीही अटलांटिकचीच. जिम स्ट्युअर्ट यांनी ते नीट न वाचता सही केली. १९६७ मध्ये अटलांटिक विकली गेली. डिसेंबरात विमान अपघातात स्टॅक्सचे गाजलेले गायक ओटिस रेडिंग गेले. १९६८ मध्ये करार संपवायची वेळ आली तेव्हा उघड झालं की आठ वर्षांची गाणी आपली नाहीतच. सॅम अँड डेव्ह ही गायक जोडीही मूळची अटलांटिकची, तीही परत गेली. वितरण आणि मालकी या दोन गोष्टी करारात वेगवेगळ्या लिहून घ्यायच्या असतात. इथे त्या एकाच कलमात गेल्या आणि कंपनीची पुंजीच हातची गेली.

त्यानंतर स्टॅक्स नव्या मालकाकडे गेली. अंतर्गत मतभेद वाढले आणि एस्टेल आपला हिस्सा सोडून बाहेर पडल्या. पण घरी बसल्या नाहीत. सत्तरच्या दशकात त्यांनी ‘फ्रेटोन’ ही स्वतःची कंपनी काढली. मेम्फिसचा रेडिओ निवेदक रिक डीस याचं ‘डिस्को डक’ त्यांनी काढलं, मग देशभरच्या वितरणासाठी ते आरएसओ या मोठ्या कंपनीकडे गेलं आणि १९७६ च्या ऑक्टोबरात पहिल्या क्रमांकावर पोचलं. स्टॅक्सचं दिवाळं मात्र १९७५ मध्येच वाजलं होतं.

१९८९ मध्ये थिएटर पाडलं गेलं. २००३ मध्ये त्याच जागी संग्रहालय उभं राहिलं. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, एस्टेल गेल्या. १९६८ पूर्वीच्या टेपची मालकी अटलांटिककडेच राहिली. नंतरची गाणी फँटसी कंपनीने १९७७ मध्ये विकत घेतली आणि पुढे ती कॉन्कॉर्डकडे गेली. आजही स्टॅक्सचं एखादं जुनं गाणं चित्रपटात वापरायचं असेल, तर आधी ते कोणत्या सालचं हे बघावं लागतं, कारण परवानगी कुणाकडे मागायची ते त्यावर ठरतं.